सुमनचं डावं-उजवं

इथल्या मराठी समाजाच्या दिवाळी अंकात वर्षभरात गेलेल्या माणसांचे फोटो छापतात. सुमनचाही छापायचा म्हणून तिथले एक जण घरी आले. फोटोखाली काय लिहायचं ते त्यांनी घरूनच आणलं होतं. प्रेमळ, धर्मपरायण, मनमिळाऊ. मी म्हटलं, भिया, ही बाई कोण? माझी बायको मनमिळाऊ नव्हती. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "गाडी तुमची आहे, पण तिचे हाल आम्हाला बघवत नाहीत." आणि धर्माचं म्हणाल तर चहाला उकळी येईपर्यंत तिची पूजा उरकलेली असायची. ते गृहस्थ जरा नाराज झाले. म्हणाले, मग तुम्हीच लिहा. म्हणून लिहितोय. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही अर्धी हिंदी. चुका असतील त्या राहू द्या. चुका काढणारी गेली.

आमचं गॅरेज देवासला, देवीच्या टेकरीच्या खालच्या अंगाला. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्या. लोकांना वाटायचं मिस्त्रीची बायको चहा करून देत असेल. चहा मी करायचो. ती कामाला असायची. मी गाडी उघडायचो आणि उघडलेलं सगळं तिच्या ताब्यात जायचं. घासलेटमध्ये धुवायची, जुन्या लुगड्यावर पसरून सुकवायची आणि प्रत्येक वस्तूला दोरा बांधायची. डाव्या बाजूच्या वस्तूला लाल, उजव्या बाजूच्याला हिरवा. मग सगळं डब्यांत. डबे स्वयंपाकघरातले. मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा व्याही घर बघायला आले होते. त्यांनी आपल्या हातानं शंकरपाळ्याचा डबा उघडला, तर आत ग्रीसमध्ये बुडवलेले बेअरिंगचे छर्रे. सुमन म्हणाली, "ते उद्याचे आहेत. आजचे त्या दुसऱ्या डब्यात." व्याही हसले, म्हणून लग्न झालं.

तिचं एक म्हणणं होतं. "कमी पडलं तर बाजारातून आणता येतं. उलटं बसलं तर कळेपर्यंत गाडी भोपाळला गेलेली असते." हे ती गाडीबद्दलच म्हणायची असं नाही. सुनेला म्हणायची, नातवाला म्हणायची. नातू भोपाळला हिंदी शाळेत. फोनवर म्हणायचा, "आजी, मी खाना खाल्ला." ही इकडून म्हणायची, "जेवलास म्हण." तो म्हणायचा, "हाओ, तेच." मग अर्धा फोन त्यातच जायचा.

काळ्या हातानं ती कधी कुणाच्या समोर आली नाही. बाहेर हॉर्न वाजला की आधी कोंडा आणि लिंबाची साल घेऊन हात चोळायची, कोपरापर्यंत सरकवलेल्या बांगड्या खाली घ्यायची, पदर नीट करायची, आणि मग पुढं. गिऱ्हाईक तोवर दोनदा हाका मारायचं. मी म्हणायचो, "अगं, गॅरेज आहे, हात काळे असणारच." ती म्हणायची, "आबांच्या ओळखीचं कोण केव्हा येईल सांगता येत नाही." तिच्या उभ्या संसारात आबांच्या ओळखीचं एक माणूस आमच्या गॅरेजात आलं नाही. तरी हात रोज चोळले.

आबा म्हणजे तिचे वडील. धारला वकील होते. त्यांचे आजोबा संस्थानात अंमलदार. आमचे पूर्वजही दक्षिणेतून त्यांच्याच मराठा फौजेबरोबर आलेले, पण ते घोड्यांना नाल ठोकायला. म्हणजे दोघं मराठीच, पंगती वेगळ्या.

लग्नाआधी मी धारला एका उस्तादाकडे काम करायचो. आबांकडे विलायती गाडी होती, गोल नाकाची, तेव्हाच जुनी. घरची सगळी मांडूला निघाली आणि नालछ्याच्या पुढं गाडी बसली. उस्तादानं मला पान्यांची पिशवी देऊन बसमधून पाठवलं. मी गाडीखाली. आबा छत्री धरून उभे, स्वतःवर. तिचा भाऊ नाना झाडाखाली पत्ते लावत बसलेला. आणि ही माझ्या डोक्याशी उकिडवी बसून काढलेले नट ओढणीत घेत होती. तिची आई म्हणत होती, "सुमे, डाग पडतील." मी खालून हात बाहेर काढायचो आणि न मागता पाहिजे तोच नट हातात यायचा. बराच वेळ असं चाललं. शेवटी मी कोण देतंय ते बघायला मान बाहेर काढली. बाकीचं सांगायला नको.

लग्न देवासला झालं. आबांनी दार बंद केलं ते केलंच. आबा वारले तेव्हा कुणीतरी कळवलं म्हणून आम्ही बसनं धारला गेलो. मला तिनं बसस्टँडवरच थांबवलं. एकटी गेली. घरासमोर लिंबाखाली उभी राहिली. नाना दारात होते. त्यांनी तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. आत ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. तिरडी निघेपर्यंत ही लिंबाखाली. परत आली आणि मला म्हणाली, "चला. झालं." बसमध्ये बेटमा गेल्यावर म्हणाली, "आता त्या दारात बसमधून उतरून जायचं नाही." मला वाटलं, दुःखात बोलतेय. पण सुमन एकदा बोललेलं विसरत नसे. मला ते आवडायचं नाही, पण तसं होतं.

मग वर्षं गेली. मागच्या थंडीत धारहून वहिनीचा, म्हणजे नानांच्या बायकोचा फोन आला. आबांची गाडी शेडमध्ये कुजत होती. नानांनी ती इंदूरच्या एका मिस्त्रीला दिली होती, त्यानं इंजिन केलं, बाकी अर्धी उघडली आणि हात वर केले. भंगारवाला चकरा मारत होता.

वहिनी म्हणाल्या, "हे म्हणतात, करायची तर तुमच्याच मिस्त्रींनी. आणि झाली की घेऊन या."

सुमननं विचारलं, "कोणी घेऊन या?"

"दोघांनी."

"दोघांनी असं नाना म्हणाला, की तू म्हणतेस?"

वहिनी ट्रकच्या भाड्याचं बोलायला लागल्या. सुमननं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. पाठव गाडी." आणि फोन ठेवून मला म्हणाली, "आबांच्या गाडीत पुढं बसून जाईन. मग कोण काय म्हणालं ते तिथंच बघू."

इंदूरच्या डॉक्टरनं तोवर तिला सांगितलं होतं, हृदय थकलंय, चढ चढू नका, ओझं उचलू नका. तिनं टेकरी चढणं सोडलं. गॅरेज सोडलं नाही.

गाडी ट्रकवरून आली. सोबत सुटं इंजिन आणि सुट्या भागांच्या गोण्या. चालवणारा चिठ्ठी-निरोप काही न देता उतरवून गेला. सुमन गाडीभोवती फिरली नाही. समोर जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "उघडा."

पुढचा भाग इंदूरवाल्यानं उघडलाच नव्हता, एवढ्या मेहनतीत त्याचं नुकसानच झालं असतं. पुढची चाकं ज्यावर झुलतात ते सगळं गंजून एक झालेलं. चाक धरणारी खालची कैंची, वरची कैंची, मध्ये स्प्रिंग, सांध्यांतले रबराचे बुश तर काळ्या गुळासारखे. मी सोडवत गेलो, ती समोर पाटावर बसून घेत गेली, धूत गेली, दोरे बांधत गेली. तिला मी इतकी खूश कधी बघितली नव्हती आणि ती इतकी कमी कधी बोलली नव्हती. नवे बुश इंदूरहून आणले. एक कैंची वाकली होती, ती सरळ करून घेतली. मग बसवायला घेतलं.

स्प्रिंग दाबायच्या वेळी जॅकवर मी दुसऱ्या कुणाला कधी बसवलं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस घेऊन जाते. सुमन आधी साखळी गुंडाळायची, स्वतः ओढून बघायची, मग मला म्हणायची, "तोंड बाजूला." तेव्हा दांडा हलायचा. पण या गाडीला इंजिन अजून बसवलेलं नव्हतं. जॅक वर जाईल तसं स्प्रिंग दाबायच्या ऐवजी गाडीचं नाकच वर उठायला लागलं.

मी म्हटलं, "हलकी आहे. इंजिन टाकून मग करू."

"इंजिन टाकल्यावर तुमचा हात जाईल का आत?"

जाणार नव्हता. ती मागं गेली आणि मला हाक मारली. सोनकच्छच्या मंडीतून वर्षाचा गहू नुकताच आलेला, पोती खोलीत रचलेली. म्हणाली, "हे घाला पुढं." मी पोती ओढत आणून इंजिनाच्या जागी रचली. नाक बसलं. स्प्रिंग दाबली गेली, पिन आत सरकली. डावीकडचं झालं, उजवीकडचं झालं. त्या गव्हाच्या पोळ्यांना पुढं पावसाळ्यापर्यंत घासलेटचा वास होता. मी काही म्हटलं की ती म्हणायची, "माहेरचा वास आहे, खा."

चाकं लावली, पोती काढली, इंजिन टाकलं, गाडी जमिनीवर उतरवली. आणि गाडी तिरकी. चालवणाऱ्याच्या बाजूनं बसलेली, म्हशीनं एक खांदा पाडावा तशी.

मी लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. दोन स्प्रिंगांत एक बोटभर उंच असते, ती चालवणाऱ्याच्या बाजूला लागते. मी म्हटलं, "सुमन, स्प्रिंगा बदलल्यात."

"नाहीत. हिरवा दोरा होता, तुम्ही उजवीकडं घातली."

"दोरा चुकला असेल."

"माझा दोरा कधी चुकलाय?"

कधीच नव्हता, हे खरं. तिनं मग माझ्या बुशांना नावं ठेवली, सरळ केलेल्या कैंचीला ठेवली, मी जॅक घाईनं सोडला म्हणाली, शेवटी फरशीला उतार आहे म्हणाली. मी फरशीवर पाण्याचा तांब्या ओतून दाखवला. पाणी जागेवर पसरलं. ती तांब्या घेऊन आत गेली. त्यानंतर घरात बोलणं बंद. जेवायला वाढायची, पण ताट ठेवताना आवाज व्हायचा. मीही गाडीला हात लावला नाही. कशाला लावू? एक बाजू ती धरून बसलेली, आणि तिच्याशिवाय जॅकवर कोण बसणार होतं?

असे बरेच दिवस गेले. वहिनीचा फोन आला, की नानांची तब्येत बरी नसते, बाहेर येऊन शेडकडं बघत बसतात, गाडी होतेय ना? सुमन म्हणाली, होतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर ही चाकासमोर पाटावर बसून पान्यानं नट सोडवत होती. धाप लागलेली. बांगड्या कोपरापर्यंत.

मी म्हटलं, "हे काय?"

"उघडा परत."

मी पाना तिच्या हातातून घेतला. नट सोडवायला लागलो. थोड्या वेळानं तिनं आपणहून सांगितलं. "मी समोर बसून दोरे बांधले. समोरून."

आमच्या धंद्यात डावं-उजवं चालवणाऱ्याचं धरतात, सीटवर बसल्यासारखं. ही गोष्ट तिला माझ्यापेक्षा पक्की होती. शेकडो गाड्यांना तिनं तसेच दोरे बांधले. मी म्हटलं, "तुला काय आज कळतंय का ते?"

ती म्हणाली, "आबा आत बसून गाडी चालू करायचे आणि मी समोर उभी राहून हात दाखवायची. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. फाटक अरुंद होतं. या गाडीचं माझं डावं-उजवं तेव्हाचं आहे." मग चाकाकडं बघत म्हणाली, "फाटकाला गाडी एकदाच घासली. त्या दिवशी नाना हात दाखवत होता."

मी हसलो. तीही हसली, पण पान्याकडं बोट करून. म्हणजे काम करा.

सगळं पुन्हा सोडलं. पोती आता नको होती, इंजिन होतं. पण जिथं हात जाणार नव्हता त्याच बोळातून तो कोंबून मला पुन्हा सगळं करावं लागलं, त्यात बोटं सोलली. तिनं हळद लावली आणि म्हणाली, "चूक माझी, हात तुमचा. लग्नापासून असंच चाललंय."

रबराचे बुश शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, माणसाचं वजन आत असताना. लटकत्या चाकांवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. घाईत लोक तसंच आवळतात. सुमन म्हणाली, "मी बसते वजनाला." मी खड्ड्यात उतरलो, ती पुढच्या सीटवर बसली. गाडीच्या तळाचे पत्रे अजून लावले नव्हते, त्यामुळं खालून मला तिची पावलं दिसत होती. चपला काढून बसली होती. जुन्या गाडीत ती चपला घालून बसत नसे.

वरून म्हणाली, "अहो, वहिनी दार उघडेल. नाना नाही उघडणार."

"मग वहिनीनं उघडलेल्या दारातून जा."

"तसं मी आबांच्या वेळीही गेले असते. बायका उघडतात दारं. त्यानं उघडायला पाहिजे."

"आणि नाही उघडलं तर?"

मी नट आवळत राहिलो. मग म्हणाली, "तर गाडी तिथं लावायची, किल्ली गाडीतच ठेवायची, आणि बसनं परत यायचं. आबांची गाडी आबांच्या घरी पोचवली, एवढं तरी होईल." मग पावलं जरा हलली. "पण मला आत जायचंय हो."

एवढ्या वर्षांत ती हे बोलली नव्हती. मी खालून म्हटलं, "हलू नको, शेवटचा आवळतोय." दुसरं काय म्हणणार होतो?

जेठ महिना उतरता उतरता आम्ही निघालो. गाडी सरळ उभी होती आणि सरळ चालत होती. बायपासवर पोरं मोटारसायकली बाजूला आणून फोटो काढायची. एक म्हणाला, "काकाजी, बिकाऊ है क्या?" सुमननं काच खाली करून म्हटलं, "आम्ही विकाऊ दिसतो का?" तो मराठी न समजून हसत पुढं गेला. घाटाबिल्लोदला मी चहाला थांबलो, ती उतरली नाही. धारचा किल्ला दिसायला लागला तसा तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि हात मांडीवर ठेवले, उपडे. नखांत काळं राहिलं होतं. या वेळी तिनं ते चोळलं नव्हतं.

फाटकाशी नाना काठी टेकून उभे होते. दार मागं उघडं होतं. कोणी उघडलं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. नानांनी आधी गाडी पाहिली, नाकापासून मागपर्यंत. मग खिडकीशी आले, मला नमस्कार केला, आणि सुमनकडं बघून म्हणाले, "भोंगा आबांचाच आहे?"

"तोच."

"वाजव."

तिनं माझ्या अंगावरून वाकून भोंगा दाबला. म्हाताऱ्या बदकासारखा आवाज. नाना मान हलवत राहिले. मग म्हणाले, "फाटक अरुंद आहे. उतर, हात दाखव यांना. मला ते नीट जमत नाही." आणि तिच्या बाजूचं दार त्यांनी उघडलं. ते दार घट्ट आहे, आतून उघडायला जोर लागतो. त्यांनी काठी फाटकाला टेकवून दोन्ही हातांनी ओढलं.

ती उतरली, समोर जाऊन उभी राहिली आणि हात दाखवत मला आत घेतलं. कुठं घासली नाही.

जेवणं झाली. आमसुलाचं सार होतं, त्यांच्या घरचं. सुमननं दोनदा मागून घेतलं. निघायच्या वेळी ती पिशवी घ्यायला उठली नाही. म्हणाली, "मी राहते चार दिवस. माहेरपणाला." माझ्या घरातून ती कधीच माहेरपणाला गेली नव्हती, जाणार कुठं? पण मला राग आला, खरं ते लिहितो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकट्यानं जेवायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "आणि गॅरेज?" ती म्हणाली, "गॅरेज कुठं जातंय?" वहिनीनं तिला आपलं एक जांभळं लुगडं काढून दिलं होतं, ते नेसून बसली होती. मी माझी पिशवी उचलली. गाडी तिथंच राहणार होती, म्हणून मला बसनं परतायचं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. नाना होते. आजवर ते मला मिस्त्रीच म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी माझं नाव घेतलं आणि फोन वहिनीच्या हातात दिला. वहिनीनं सांगितलं. सुमन सकाळी वहिनीशी गप्पा मारत अंगणात भाजी निवडत होती, तिथंच गेली. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. तिला त्याच घरातून नेलं. नानांनी खांदा दिला, त्यांना चालवत नव्हतं तरी.

लोक मला म्हणतात, नेलं नसतंत तर. मी त्यांच्यासाठी चहा ठेवतो. रात्रीची पोळी मी एकटा खातो आणि मला तिचा राग येतो, आणि ती धारला गेली नसती तर मला त्याहून राग आला असता. हे दोन्ही खरं आहे. कुणाला समजलं नाही तर नाही.

तिला चालती-बोलती शेवटची पाहिली ती धारहून मी एकटा परतलो त्या दिवशी दुपारी. मी पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडलो. रस्त्याच्या वळणावरून सहज मागं पाहिलं. नाना चालवायच्या सीटवर बसले होते, काठी दोन पायांत. सुमन गाडीच्या पुढं, जांभळं लुगडं, पदर खोचलेला. तिनं दोन्ही तळवे मडगार्डवर टेकवले आणि सगळं वजन टाकून गाडीचं नाक खाली दाबलं, मग हात सोडून मागं सरली. आम्ही काम झाल्यावर असंच तपासतो. नीट बसलं असेल तर गाडी एकदाच वर उठते आणि थांबते. गाडी एकदाच उठली आणि थांबली. ती नानांना हातवारे करून काहीतरी समजावत होती. इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं. ती दुसऱ्या बाजूला गेली आणि तिकडचं मडगार्ड दाबायला वाकली.